चुंबकाला बांधलेलं फडकं

त्या सकाळी चुंबकाला काहीच लागलं नाही. पागेचं अंगण तिने नेहमीसारखं आधी आडवं ओढून काढलं, मग उभं, मग पाण्याच्या हौदाभोवती गोल, आणि फाटकाशी येऊन दांडा उलटा करून पाहिला, तर पट्टीवरचं फडकं जवळजवळ कोरं. थोडा काळा भुगा आणि बाटलीचं एक झाकण. शेजारच्या उंच इमारतीच्या गच्चीवरून अशी झाकणं पडतातच. खिळा एकही नाही. "चला, सुटले बाई," असं तिच्या तोंडून निघालंसुद्धा, आणि स्वतःचाच आवाज ऐकून तिने पट्टी पुन्हा निरखून पाहिली. काल दुपारी दादाने चिमणीचे नाल बदलले होते. चारही पायांचे. एवढे जुने खिळे उपसायचे म्हणजे मूठभर लोखंड होतं, आणि हल्ली दादाच्या हातून त्या मुठीतले दोन-तीन तरी अंगणात सांडल्याशिवाय राहत नव्हते. मग कालचे गेले कुठे?

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, पागेचा नालबंद. पागा भर शहरात होती. तिन्ही बाजूंना काचेच्या इमारती, चौथ्या बाजूला रस्ता. ऑफिसात जायच्या आधी तासभर घोड्यावर बसायला येणारी माणसं मोटारीतून उतरायची, आणि त्यांच्या गुळगुळीत बुटांखाली काय आहे हे ती त्यांच्या आधी बघून ठेवायची. तेच तिचं काम. खिळा, काच, गवताच्या गठ्ठ्याची तुटकी तार, उखडलेली वीट, फाटकाच्या कडीचा बाहेर आलेला बोल्ट. हातभर रुंद चुंबकाची पट्टी, तिला दोन चाकं आणि लांब दांडा, असं ते अवजार ओढत ती पहाटफटीला अंगण पालथं घालायची. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारी मंडळी, तिला चुंबकमावशी म्हणायची. "मावशी, जरा लांबून जा, माझ्या पॅण्टची चेन ओढली जाईल," हा त्यांचा जुना विनोद, आणि "तुझ्यात लोखंड असतं तर लग्नाला एवढी वर्षं लागली नसती" हे तिचं जुनं उत्तर. बोलताना मात्र तिचे डोळे जमिनीवरच असायचे. इतकी वर्षं खाली बघून बघून मान तशीच राहिली होती. नवी माणसं समजायची, बाई फार नम्र आहे.

हे खाली बघणं तिला दादानेच शिकवलं होतं. सासर सुटलं तेव्हा ती एक पत्र्याची पेटी घेऊन पागेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली होती. दादा चामड्याचा पट्टा कमरेला बांधून एका घोड्याचा पाय मांडीवर धरून बसला होता. त्याने वर पाहिलं, पाय खाली सोडला, येऊन पेटी उचलली आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवली. काय झालं, कोणी मारलं, परत जायचंय का, एक शब्द नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. लोकांनी विचारलं असेल तर त्यांना त्याने काय सांगितलं तेही तिला कळलं नाही. त्या न विचारण्याचं तिला इतकं ओझं वाटायचं, आणि इतकी ऊबही, की दोन्ही एकच असावं असं तिने धरून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने तिला अंगणात नेलं. "हे बघ तायडे, घोड्याचं सगळं वजन चार मुठींवर असतं. त्या मुठी दगडासारख्या दिसतात, पण तळव्याच्या मध्ये हा मऊ त्रिकोण आहे ना, तो आपल्या गालासारखा. इथून खिळा घुसला की आत हाडापर्यंत वाट मोकळी. चांगला घोडा एका खिळ्याने जातो. म्हणून तू खाली बघायचं. वरचं मी बघतो." मग त्याने नियम सांगितले. उपसलेला खिळा डब्यात, डब्याचं झाकण लावायचं, मगच पुढचा पाय. नाल निखळून पडला तर तो खिळ्यांसकट सापडेपर्यंत पागेतला एकही घोडा जागचा हलवायचा नाही, मग वर बसायला आलेला कितीही मोठा असो. आणि खिळा पायात घुसलाच, तर काढायचा नाही. हात शिवशिवले तरी नाही. तो कुठल्या दिशेने किती आत गेलाय हे डॉक्टरांना यंत्रात दिसलं पाहिजे. काढला की वरचं भोक मिटतं आणि आतली वाट हरवते.

हे सांगणाऱ्याच्याच हातून खिळे सांडायला लागले, तेव्हा पहिल्यांदा तिला सुताराचा संशय आला होता. पण सुताराचा खिळा गोल असतो. हे चपटे होते, चौकोनी मानेचे, उपसताना वाकलेले, नालातले. ती ते उचलून पदराला बांधायची आणि खोलीत पलंगाखालच्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. एक दिवस सांडेल, दोन दिवस सांडतील, माणूस आहे. मग तिने पाहिलं की दादा खूर हातात घेतल्यावर आधी अंगठ्याने सगळीकडून चाचपतो, खिळ्याचं डोकं अंगठ्याने शोधतो, आणि मोतद्दार कौतुकाने बघत राहतात. "काकांच्या अंगठ्याला डोळे आहेत." ती मनात म्हणायची, बरोबर आहे, कुठेतरी असायला हवेतच. आईचं असंच झालं होतं. डोळ्यांवर सारा, म्हणजे पडदा आला, मग कोणीतरी सांगितलं म्हणून शहरातल्या डॉक्टरकडे नेऊन चिरफाड केली, आणि पट्टी सोडली तेव्हा आई म्हणाली, "दिवा का मालवलात?" दादाने आईला पाठीवर घेऊन घरी आणलं होतं. डोळ्यांचा विषय त्या घरात त्यानंतर कोणी काढला नाही. ती कशी काढणार?

पट्टीला खिळा लागला की टक्क असा आवाज व्हायचा. सकाळच्या शांततेत तो आवाज अंगणभर जायचा आणि त्यांची खोली अंगणालाच लागून होती. आत दादा चहाच्या कपाशी बसलेला असायचा. म्हणून तिने पट्टीला जाडं फडकं बांधलं. मोतद्दारांनी विचारलं तर म्हणाली, "खिळे काढायला सोपं जातं रे. फडकं सोडलं की सगळे एकदम खाली." ते खरंच होतं. सोपं जायचं. खोट्याचं एक बरं असतं, त्यात थोडं खरं मिसळलं की ते गुंडाळून ठेवता येतं.

आणि पेपर. रोज संध्याकाळी दादा तिला पेपर वाचून दाखवायचा. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून सुरू झालेली ही रीत. मग चारा-दाण्याच्या कोठीवर बसणाऱ्या बाईने तिला पोत्यांवरचे शब्द लावायला शिकवलं. उतारवयात. आधी 'जव', मग 'कोंडा', मग ठाणांच्या, म्हणजे घोड्यांच्या खोल्यांच्या दारांवरची नावं. दादाला सांगायचं तिच्या ओठांवर होतं. एका संध्याकाळी तो वाचत होता, कुठल्याशा गावात एका म्हशीने दुकानात शिरून आरशासमोर तासभर उभं राहून मालकाला बाहेर काढलं, अशी काहीतरी बातमी, आणि हसता हसता ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. पानावर म्हैस नव्हती. पानावर सिमेंटची जाहिरात होती. तो पान उलटत होता, योग्य जागी थांबत होता, घसा साफ करत होता, आणि सिमेंटमधून म्हशी काढत होता. ती परत आपल्या जागेवर येऊन बसली. "मग पुढे काय झालं?" तिने विचारलं. "पुढे काय, म्हशीला दुकान आवडलं नाही," दादा म्हणाला. त्या दिवसापासून तिला वाचता येतं हे सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आपण त्याची लाज राखतोय असं तिला वाटायचं. त्यानेही पेटी उचलून हेच केलं होतं ना? काही न विचारता.

त्या सकाळी हौदाच्या कठड्याला चुंबक टेकवून ती उभी राहिली आणि कालची दुपार आठवू लागली. दादा अंगणात बसला नव्हता. "बाहेर ऊन डोळ्यात जातं," म्हणाला आणि ऐरण, कानस, सांडशी घेऊन चिमणीच्या ठाणातच शिरला. तिने ऐकलं होतं. ऐकून मनात म्हणाली होती, सावलीत बरं. ठाणात पेंढा असतो. ढोपराएवढा, मऊ, सोनेरी. त्यात पडलेला खिळा टक्कही करत नाही आणि तिचं चुंबक त्या उंबऱ्यापलीकडे जात नाही.

ती ठाणाकडे वळली. आत मोतद्दार चिमणीला खरारा करत होता. चिमणी म्हणजे पागेतली सगळ्यांत थोराड घोडी. नाव ठेवणाऱ्याला एकतर विनोद कळत होता किंवा पक्षी कळत नव्हते. तिला पाहून घोडीने कान पुढे केले. आत जाऊन सांगायचं, घोडीला जागची हलवू नको, तिच्या पायांखालचा पेंढा आधी हाताने बाहेर काढ. मग तो विचारणार, का हो मावशी? आणि मग? काकांचा खिळा पडलाय म्हणायचं? कशावरून, विचारलं तर? पाच-सहा शब्दांचं वाक्य होतं. ते वाक्य ती तोंडात घोळवत राहिली, आणि मग तिला वाटलं, हा आता चहाला जाईलच, तेवढ्यात आपण शिरू, हाताने चाचपू, कोणाला काही कळायला नको. "काय मावशी, काही हवंय?" "नाही रे. चहा झाला का तुझा?" "हा एवढा खरारा झाला की जातो." ती दारातून मागे सरली. पुढे किती वेळा तिने त्या दारात स्वतःला परत उभं केलं, आणि दर वेळी तीच बाई तेच बोलून मागे सरली. चहा झाला का तुझा.

मोतद्दाराने घोडीला पलीकडच्या अंगाला वळवलं. चिमणी ओरडली नाही, घोडे अशा वेळी ओरडत नाहीत. फक्त टापांचा ताल चुकला. एक पाय पेंढ्यावर टेकला आणि विस्तवावर पडल्यासारखा वर आला आणि वरच राहिला.

दादा हाकेसरशी धावत आला. धावत, म्हणजे भिंतीला एक हात लावून. त्याने घोडीच्या खांद्याला खांदा दिला, पाय मांडीवर घेतला, आणि त्याचा अंगठा तळव्यावरून फिरत त्या मऊ त्रिकोणापाशी येऊन थांबला. "खिळा आहे," तो म्हणाला. घोडीच्या पोटाखालून थरथर जात होती. दादाचा दुसरा हात सांडशीकडे गेला. आयुष्यभर त्या हाताने खिळे उपसलेच होते. हाताला दुसरं काय माहीत असणार.

"दादा, काढू नको."

"घोडी तडफडतेय, तायडे."

"तूच सांगितलंयस. काढायचा नाही."

"मला शिकवतेस?" तो म्हणाला, पण सांडशी हवेतच राहिली. मग त्याने ती खाली टाकली आणि दोन्ही हातांनी पाय धरून बसून राहिला, खिळा कशाला लागू नये म्हणून, डॉक्टर येईपर्यंत. तो इतका वेळ वाकून राहू शकतो हे त्या वयात कोणाला खरं वाटलं नसतं. ती घोडीच्या तोंडाशी उभी राहिली. तिला तिथून खिळ्याचं डोकं दिसत होतं. चपटं, चौकोनी मानेचं. दादाचा अंगठा त्याच्याच बाजूला होता. अंगठ्याला कळलं असेल का? दादाचं तोंड घोडीच्या पोटाआड होतं.

व्यवस्थापकबाई आल्या, डॉक्टर आले, यंत्र आलं. खिळा हाडाच्या अगदी अलीकडे थांबला होता. हाडालगतच्या वंगणाच्या पिशवीला धक्का लागलाय की नाही ते काही दिवसांनी कळेल, म्हणाले. जगेल असं वाटतं. पुन्हा धावेल असं सांगता येत नाही. डॉक्टरांनी नीट बघून, त्याच वाटेने खिळा काढला आणि बशीत ठेवला, आणि सगळ्यांनी बशीत पाहिलं, दादा सोडून. तो बशीच्या जरा डावीकडे बघत होता.

"मावशी," व्यवस्थापकबाई म्हणाल्या, "आज चुंबक फिरवलं होतं ना?"

"फिरवलं होतं."

"मग हा कसा राहिला?"

ती जमिनीकडे बघत राहिली. ते तर ती नेहमीच करायची.

"तुमच्यावर मी ओरडत नाहीये," बाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या खरोखरच ओरडत नव्हत्या, तेच कठीण होतं. "पण वय होतं माणसाचं. तुम्ही डोळे तपासून घ्या. उद्यापासून अंगणाला दुसरं कोणीतरी बघते मी. खोली सोडायला कोणी सांगत नाहीये."

"तिचे डोळे?" दादा एकदम म्हणाला. "बाई, तिचे डोळे घारीचे आहेत. अंधारात सुई उचलेल ती."

"मग काका, खिळा कसा राहिला?"

दादाने कमरेचा पट्टा चाचपला. तिला वाटलं, आता आपण म्हणावं, माझंच चुकलं, हल्ली दिसत नाही. म्हणजे सगळं झाकलं जाईल. दादा उद्या दुसऱ्या घोड्याचा पाय मांडीवर घेईल, अंगठ्याने चाचपेल, आणि अंगणात चुंबक ओढणारं कोणीतरी नवं असेल, ज्याला दादाच्या पाठोपाठ कुठे बघायचं ते ठाऊक नसेल. किंवा ठाऊक होईल आणि ते हसून सगळ्यांना सांगेल. तिने खाली पडलेली सांडशी उचलून पदराने पुसली. बाई मान हलवून गेल्या.

दुपारी दादा नाल ठोकायच्या छपरात एकटा बसला होता, हात मांड्यांवर उताणे टाकून. ती बिस्किटांचा डबा घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो आधी तोलला. मग झाकण काढून बोटं आत घातली, आणि बोटं थांबली. एक खिळा काढून त्याने अंगठ्याने चाचपला, मग दुसरा, मग मूठच बाहेर काढली.

"कुणाचे?"

"तुझे."

"सगळे?"

त्याने डबा उपडा केला. खिळे फरशीवर खणखणत पसरले, छपराच्या कोपऱ्याकोपऱ्यात गेले. पागेत असं कोणी केलं असतं तर दादाने त्याला हाकलून दिलं असतं. "चुंबक आण," तो म्हणाला. तिने आणलं. पट्टी टेकवणार तोच तो म्हणाला, "ते फडकं सोड आधी." म्हणजे फडकं त्याला ठाऊक होतं. केव्हापासून, कशासाठी म्हणून, तिने विचारलं नाही. गाठ ओलीने घट्ट बसली होती. तिने ती दाताने सोडली. फडक्याला मातीची आणि लोखंडाची चव होती.

"फिरव."

तिने दांडा ओढला. टक्क. टक्क टक्क. मग पावसाळी पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज, छपराखाली कोंडलेला. दादा डोळे मिटून, मान एका बाजूला करून ऐकत होता, जसा तो नव्या घोड्याची टाप ऐकायचा, कुठला पाय दुखतोय ते ओळखायला.

"हे रोज?"

"रोज नाही रे."

"तायडे."

"रोज," ती म्हणाली.

डोळे उघडून तो म्हणाला, "मला वाटायचं, अंगण स्वच्छ आहे म्हणजे हात अजून चांगला आहे." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिने तो खाली मान घालून घेतला असता. ते तिला जमत होतं. "तू एकदा जरी बोलली असतीस ना," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याने सोडून दिलं. तिला म्हणावंसं वाटलं, तू तरी कुठे विचारलंस कधी, काय झालं होतं मला त्या घरात. वाट बघत होते मी. पण त्यालाही आता फार उशीर झाला होता. त्या जखमेचं तोंड केव्हाच मिटलं होतं, आणि आतली वाट तिची तिलाच सापडली नसती.

त्याने कमरेचा चामड्याचा पट्टा सोडून ऐरणीवर ठेवला. खिळे पट्टीवरून ओरबाडून परत डब्यात भरले, एकही न सांडता, आणि डबा घेऊन तो व्यवस्थापकबाईंच्या ऑफिसकडे निघाला. "मी येऊ?" तिने विचारलं. "नको. खाली काही नाहीये ना वाटेत?" "काही नाही." तो अंगणातून सरळ गेला. भिंतीला हात न लावता. ती पाहत राहिली, आणि तिच्या ध्यानात आलं की आपण वर बघतोय, त्याच्या पाठीकडे, आणि ती पाठ कधी एवढी म्हातारी झाली हे आपल्याला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी तो खोलीत आला तेव्हा हात रिकामे होते. चुंबक तुझ्याकडेच राहील, एवढंच त्याने सांगितलं. आणि सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, तू बरोबर ये. "आईसारखं झालं तर?" ती म्हणाली. तो विषय इतक्या वर्षांनी एवढ्या सहज तोंडातून निघाला होता. "डॉक्टर बघून सांगतील," तो म्हणाला. "वेळ गेली असेल तर गेली." मग रोजच्या जागी बसून त्याने पेपर उचलला, उलगडला, आणि तसाच तिच्यापुढे धरला.

"वाच."

"मला कुठे..."

"म्हशीच्या बातमीपासून येतं तुला वाचता. मागून तुझा श्वास ऐकला मी. मोठ्या अक्षरांतल्या सिमेंटवर कोणी एवढं थांबत नाही."

तिने पेपर घेतला. अक्षरं बारीक होती, आणि पोत्यांवरच्यासारखी सरळ उभी राहत नव्हती. एका पुलाचं काम लांबलं होतं. कोणी मंत्री कुठेतरी गेला होता आणि परत आला होता. भाव थोडे चढले होते. ती एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी वाचत होती, आणि भिंतीपलीकडे चिमणी पाय बदलत होती; एक, दोन, तीन, आणि चौथ्याच्या जागी नुसती पेंढ्याची सळसळ. ती सळसळ झाली की दोघंही थांबायची. मग ती पुढे वाचायची.

"माझ्या बातम्या बऱ्या होत्या," दादा म्हणाला.

"हो," ती म्हणाली. आणि पान उलटलं.